ऊलार्टची टेकडी, २७ मे १७९८: भालेवाल्या शेतकऱ्यांनी बंदुकीची पलटण कशी बुडवली?

पाणंद (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेले दोन महिने आयर्लंडमधल्या १७९८ च्या उठावाबद्दल जे हाती लागेल ते वाचतोय, आणि एका दुपारपाशी अडकून बसलोय. तारीख २७ मे, वार रविवार, सण पेंटेकॉस्टचा. जागा आग्नेय आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड काउंटीतली ऊलार्ट नावाची टेकडी. दुपारी सरकारची सुमारे ११० शिपायांची तुकडी ती टेकडी चढायला लागली. दिवस मावळायच्या आत त्यातले जेमतेम पाच जण जिवंत राहिले होते. टेकडीवर शेतकरी, मजूर, लोहार, त्यांची बायकापोरं. त्यांच्याकडे प्रामुख्याने भाले आणि थोड्या पक्षी मारायच्या बंदुका. त्यांची माणसं गेली सहाच्या आसपास.

थोडी पार्श्वभूमी. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण जमीन, न्यायालयं, संसद मूठभर प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या हातात. १७९१ साली बेलफास्टमध्ये 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना निघाली. धर्म बाजूला ठेवून सगळ्या आयरिश लोकांनी एक व्हायचं, हा त्यांचा विचार. वुल्फ टोनसारखे प्रॉटेस्टंटच त्यात पुढे होते. १७९६ च्या डिसेंबरात फ्रेंच आरमार बँट्रीच्या उपसागरापर्यंत आलं, पण वादळामुळे फौज उतरवता न येताच परत गेलं. तेव्हापासून सरकारची झोप उडाली. लपवलेली हत्यारं शोधायच्या नावाखाली घरं जाळली, माणसांना तिकाटण्याला बांधून फटके मारले, अर्धवट फाशी देऊन पुन्हा खाली उतरवलं. 'पिचकॅप' नावाचा एक प्रकार होता. टोपीत वितळलेलं डांबर ओतून ती डोक्यावर बसवायची आणि डांबर घट्ट झालं की ओढून काढायची. केसांसकट कातडं निघायचं. वेक्सफर्डमध्ये या छळासाठी जी पलटण बदनाम झाली ती नॉर्थ कॉर्क मिलिशिया. ऊलार्टवर चढली ती हीच.

उठाव २३ मेच्या रात्री सुरू झाला तेव्हाच त्याचं कंबरडं मोडलेलं होतं. संघटनेचे लेन्स्टर प्रांतातले पुढारी १२ मार्चलाच डब्लिनमध्ये एका घरात पकडले गेले, तिचा लष्करी नेता लॉर्ड एडवर्ड फिट्झजेरल्ड १९ मेला सापडला. किल्डेअरमध्ये प्रॉस्परस गावी बंडखोरांनी रात्रीच्या अंधारात बराकी जाळून छोटा विजय मिळवला, पण २५ मेला कार्लोच्या रस्त्यांत शेकडो बंडखोर मारले गेले आणि २६ ला टाराच्या टेकडीवर पुन्हा तेच. डब्लिनच्या किल्ल्यात बसलेल्या सरकारला वाटलं असणार, आटोपलं. आणि दुसऱ्याच दिवशी ऊलार्ट.

माझा प्रश्न असा: हा विजय नशिबाने मिळाला की कुणी तो रचला? माझं मत आधीच सांगतो. तो विजय बांधांचा होता. तिथल्या शेतांना मातीचे उंच बांध असतात, वर काटेरी झुडपं. ज्या माणसांनी ते बांध घातले, दरवर्षी डागडुजी केली, त्यांना माहीत होतं की बांधाआड माणूस बसला तर खालून दिसत नाही. पुढे ज्या ज्या ठिकाणी हे लोक बांध सोडून गेले तिथे तिथे मारले गेले.

जाणकारांनी लिहावं.

डब्लिनची_सर

पाणंद, धागा वाचून अंगावर काटा आला. मी डब्लिनमध्ये नऊ वर्षं राहतेय आणि ऊलार्टला दोनदा जाऊन आलेय. तुम्ही बांधांबद्दल लिहिलंत ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

आधी एक शब्दाची गोष्ट. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की बंडखोर 'डिच'च्या मागे लपले होते. आपण शाळेत डिच म्हणजे खंदक, चर असं शिकलोय. आयर्लंडमध्ये डिच म्हणजे उलट, वर उचललेला बांध. चर खणायचा, त्याची माती एका बाजूला रचायची, वर हॉथॉर्न किंवा गॉर्स ही काटेरी झुडपं लावायची. दगडही असतात मातीत. ही गोष्ट कळेपर्यंत मी पहिल्या भेटीत खड्डे शोधत फिरत होते. माझ्या घरमालकीणबाईंनी हसत हसत समजावलं तेव्हा कुठे ती लढाई डोळ्यांपुढे आली.

मे महिन्याच्या शेवटी गेले होते. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना बांध, माझ्या डोक्याच्या वर, त्यावर गॉर्सची पिवळी फुलं, आणि त्या फुलांना चक्क नारळाचा वास. रस्त्यावरून पलीकडचं शेत दिसतच नाही. टेकडी आपल्या सह्याद्रीच्या हिशेबात टेकाडच, दमही लागत नाही. पण वर गेलं की पश्चिमेला ब्लॅकस्टेअर्सची रांग आणि पूर्वेला समुद्राची रेघ. खालून येणारा माणूस वरून मैलभर आधी दिसतो. वरचा माणूस खालच्याला दिसत नाही, कारण मध्ये एकामागे एक बांध.

वर आता एक स्मारक आहे, 'तुलाख अ तोलिश', म्हणजे उजेडाचा ढिगारा. मातीचा गोल उंचवटा आणि तो मधोमध चिरून काढलेली काँक्रीटची वाट. उठावाला दोनशे वर्षं झाली त्या निमित्ताने बांधलं. आत उभी राहिले होते तेव्हा वाऱ्याचा आवाज एकदम बंद झाला.

बखरवाचक

चांगला विषय. नशीब की रचना, यावर तिथल्या इतिहासकारांतही बराच काळ वाद आहे, तो इथे मांडतो.

जुनी कथा अशी. फादर जॉन मर्फी, बूलावोगचे उपपाद्री, वय पंचेचाळीसच्या आसपास, स्पेनमध्ये सेव्हिलला शिकलेले. राजकारणापासून लांब. उलट त्यांनीच आपल्या लोकांना सांगितलं होतं की हत्यारं जमा करा आणि राजनिष्ठेची शपथ घ्या. २६ मेच्या संध्याकाळी हॅरो नावाच्या ठिकाणी त्यांच्या सोबतचे लोक आणि कॅमोलिनच्या योमन (सरकारच्या बाजूचे स्थानिक स्वयंसेवक) घोडेस्वारांची गाठ पडली, त्यात लेफ्टनंट बुकी मारला गेला. मागे फिरायची वाट बंद झाली. रातोरात कॅमोलिन पार्कमधल्या जमीनदाराच्या वाड्यावर धाड घालून जप्त केलेले भाले आणि बंदुका लोकांनी परत मिळवल्या, आणि सकाळी लोक ऊलार्टवर जमले. शिपाई चढू लागले तेव्हा लोक घाबरून पळत होते, पण टेकडीच्या मागच्या अंगाला त्यांना घोडेस्वार दिसले. पुढे शिपाई, मागे घोडे. पाद्र्यांनी सांगितलं, आता लढा नाहीतर इथेच मरा, आणि लोक उलटे फिरले. या कथेप्रमाणे विजय म्हणजे कोंडीत सापडलेल्यांचा त्वेष.

गेल्या चाळीसेक वर्षांतल्या संशोधनाने या कथेला धक्का दिला. टेकडीवर पाद्री एकटे नव्हते. एडवर्ड रोश होता, गॅरीलॉकचा सधन शेतकरी आणि शेलमलियरच्या योमन घोडदळातला सार्जंट. तो स्वतःचे लोक घेऊन बंडखोरांत आला, म्हणजे सरकारी कवायत त्याला पाठ. मॉर्गन बर्न होता. जॉर्ज स्पार्क्स होता, तो तर प्रॉटेस्टंट. हे लोक युनायटेड आयरिशमेनच्या संघटनेतले. त्यांनी माणसं बांधाआड बसवली, थोड्यांना पळाल्यासारखं दाखवलं, आणि शिपायांना वर ओढलं. या मताप्रमाणे तो सापळा होता.

पाद्र्यांची कथा इतकी का रुजली? १८९८ साली उठावाची शताब्दी साजरी झाली तेव्हा चर्चचा पगडा मोठा होता. धर्मनिरपेक्ष, फ्रेंच विचारांची गुप्त संघटना पुढे आणण्यापेक्षा आपल्या कळपासाठी उभा राहिलेला पाद्री पुढे आणणं सोयीचं होतं. त्या वेळी रचलेलं गाणं आजही वेक्सफर्डच्या खेळाडूंच्या सामन्यांना म्हटलं जातं. मला स्वतःला मर्फींबद्दल आदर आहे. पण स्पार्क्स आणि रोश यांची नावं मागे पडली, हे मला सलतं.

कोरडवाहू

मी इतिहासकार नाही, शेतकरी आहे. तालुका माण. पाणंद यांच्या बांधाच्या मुद्द्याला माझा शंभर टक्के दुजोरा.

आमच्याकडे बांध म्हणजे भांडणाचं मूळ, पण बांधाची इंच न् इंच ओळख असते. कुठे खचलाय, कुठून शेरडू पलीकडे जातं, कुठे घोरपडीचं बीळ आहे, हे डोळे मिटून सांगू. बाहेरच्या माणसाला बांध म्हणजे नुसती माती. कॉर्कहून आलेल्या शिपायाला ऊलार्टचे बांध ओळखीचे असले तरी हे बांध त्याचे नव्हते. आणि ओळीत चालणाऱ्या शिपायाला बांध ओलांडायचा म्हणजे ओळ मोडावी लागते. एक हात झुडपाला, एक हात बंदुकीला. त्या क्षणाला तो शिपाई राहत नाही, बांध चढणारा माणूस होतो.

मला विचारायचं आहे की हे लोक खात काय होते, पीक काय होतं? उठाव पोटातून आला की डोक्यातून?

पाणंद

कोरडवाहू, फार नेमका प्रश्न.

वेक्सफर्ड हे सातूचं, म्हणजे बार्लीचं मोठं आगर. तिथला सातू भिजवून, मोड आणून, भाजून त्याचा माल्ट करायचे आणि तो डब्लिनच्या दारूभट्ट्यांना जायचा. १७९७ साली माल्टवरच्या कराची आणि सवलतींची घडी सरकारने बदलली आणि सातूचे भाव कोसळले. त्यात वेक्सफर्डचा शेतकरी अगदीच कंगाल नव्हता, पोटापाण्यापुरता सुखी होता. ज्याच्याकडे थोडंफार आहे आणि ते डोळ्यांदेखत चाललंय, असा हा माणूस.

पण मला वाटतं मे महिन्यात लोक घराबाहेर पडले ते भीतीने. २५ मेला शेजारच्या कार्न्यू गावात कैदेतल्या माणसांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. डनलाव्हिनलाही आदल्या दिवशी तसंच घडलं होतं. बातमी वेक्सफर्डात पोचली ती अशी की आता ज्यांनी हत्यारं जमा केली आहेत त्यांनाही मारणार. रात्री लोक घरात झोपेनासे झाले, शेतांत बांधाच्या आडोशाला पोरांना घेऊन निजायचे. २७ तारखेला ऊलार्टवर जी चार-पाच हजारांची गर्दी होती त्यात लढणारे हजारभर, बाकी ही घर सोडून आलेली माणसं. बायका, म्हातारे, पोरं.

माझ्या मते नशीब की रचना याचं उत्तर इथेच मिळतं. बखरवाचकांनी दोन्ही बाजू नीट मांडल्या. रोशने बांधाआड माणसं बसवली, हे मला पटतं. पण बसलेली माणसं शिपाई पन्नास पावलांवर येईपर्यंत जागची हलली नाहीत, हे कवायतीने साधत नाही. मागे बायकापोरं होती म्हणून साधलं.

ऐरण

मी भाल्याबद्दल लिहितो. घरात तीन पिढ्यांचा भाता आहे, आजोबांनी कुऱ्हाडी, विळे, नांगराचे फाळ केले, मीही हात काळे केलेत.

आयरिश भाल्याचे फोटो पाहिले. दांडा ॲश झाडाचा. ॲश म्हणजे लवचीक आणि सरळ धाग्याचं लाकूड, वाकतं पण मोडत नाही. आपण कुऱ्हाडीला बाभूळ घालतो, धामण घालतो, तसंच. लांबी सात-आठ फुटांपासून बारा फुटांपर्यंत. पातं पानासारखं निमुळतं, आणि बऱ्याच पात्यांना एका बाजूला आकडी. ती आकडी घोडेस्वाराचा लगाम कापायला किंवा त्याला ओढून पाडायला. पात्याच्या खाली लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या दांड्यावर खाली येतात आणि खिळ्यांनी ठोकतात. त्या पट्ट्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. तलवारीचा वार दांड्यावर बसला तर लाकूड तुटू नये म्हणून त्या आहेत. ज्या लोहाराने हे केलं त्याने विचार केला होता. हे घाईत ठोकलेलं हत्यार नव्हे.

असं एक पातं करायला भट्टी तापलेली असेल तर किती वेळ लागेल, हे मी करून पाहिलं. साधं पातं, आकडीशिवाय, दीड तास, तेही मला हाताखाली घण मारायला माणूस असताना. गावोगाव हजारोंनी भाले निघाले म्हणजे किती रात्री किती भट्ट्या पेटत्या होत्या! आणि म्हणून सरकारने लोहारांना पहिल्यांदा धरलं. फटके खाणाऱ्यांत लोहार फार होते, त्यांच्या भट्ट्या मोडल्या. हे वाचलं त्या दिवशी मी ऐरणीपाशी बराच वेळ बसून राहिलो.

आता बंदूक आणि भाला. त्या काळची मस्केट तोंडाकडून भरायची. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, थोडी दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या खाचेत, टाकायची, उरलेली नळीत, वर गोळी, गजाने ठासायचं, मग बार. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढतो म्हणतात, म्हणजे दोन बारांमध्ये वीस सेकंद. बांधापासून पन्नास पावलांवर शिपायांनी एकदम बार काढला आणि तो मातीत गेला, तर पुढच्या वीस सेकंदांत उतारावरून धावत येणारा माणूस पन्नास पावलं सहज कापतो. त्याच्या हातात आठ-दहा फुटांचा भाला, समोरच्याच्या हातात रिकामी बंदूक आणि संगीन. संगिनीची पोच सहा फूट. हिशेब एवढाच आहे.

सागरगोटा

वाह, ऐरण. वाचनखूण साठवली.

एक शंका. शिपायांचा अधिकारी इतका कच्चा होता का? शंभर माणसं घेऊन हजारोंच्या गर्दीवर चढ कशाला?

बखरवाचक

सागरगोटा, लेफ्टनंट कर्नल फूट हा त्या तुकडीचा प्रमुख, आणि तो वाचला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला पायथ्याशी थांबायचं होतं, पण मेजर लोम्बार्ड आणि शिपाई उतावीळ होऊन पुढे गेले. लोम्बार्ड मारला गेला, कॅप्टन डी कोर्सी मारला गेला, इतर अधिकारीही. त्यामुळे मेलेल्याची बाजू कुणी मांडली नाही, हे लक्षात ठेवून फूटचं म्हणणं वाचावं.

पण उतावीळपणाला कारण होतं. प्रॉस्परससारखा अपवाद सोडला तर त्या आठवड्यात गणवेश दिसला की गर्दी फुटली होती. टारा, कार्लो, सगळीकडे. गावठी लोक पहिल्या बाराला पळतात हा अनुभव ताजा होता. आणि ऊलार्टवरही वरचे लोक खरंच मागे सरकताना दिसले. शेलमलियरचे सोळा-वीस योमन घोडेस्वार टेकडीला वळसा घालून पलीकडे पाठवले होते, पळणाऱ्यांना कापण्यासाठी. म्हणजे पाठलागाची तयारी लढाईच्या आधीच झाली होती. लढाई फिरल्यावर तेच घोडेस्वार वेक्सफर्ड शहराकडे निघून गेले.

निशिगंध_७

सगळ्यांचे प्रतिसाद मन लावून वाचले. मला एक गोष्ट बोलायलाच हवी.

शंभर माणसं मारली गेली हे आपण हिशेबासारखं लिहितोय. वीस सेकंद, पन्नास पावलं. त्या शंभरांपैकी शरण येऊ पाहणारे किती होते? आणि पुढे याच उठावात ५ जूनला स्कलाबोगच्या कोठारात शंभरहून जास्त माणसं, बहुतेक प्रॉटेस्टंट, त्यांत बायका आणि मुलं, कोंडून जाळली गेली. ते करणारे बंडखोरांकडचेच. २० जूनला वेक्सफर्डच्या पुलावर कैद्यांना भाल्यांनी भोसकून नदीत टाकलं. ऊलार्टचा विजय साजरा करताना हे विसरून चालणार नाही.

पाणंद

निशिगंध, तुमचं बरोबर आहे आणि हे लिहिलंत म्हणून आभार.

नॉर्थ कॉर्क मिलिशियाचा साधा शिपाई कोण होता ते सांगतो. मिलिशिया १७९३ च्या कायद्याने उभी राहिली. अधिकारी प्रॉटेस्टंट जमीनदार, पण शिपाई बहुतेक गरीब कॅथलिक. नॉर्थ कॉर्कचे तर आयरिश भाषा बोलणारे. वेक्सफर्डचे शेतकरीही कॅथलिक, पण त्यांची बोली बहुतेक इंग्रजी झालेली. ऊलार्टच्या आठवणींत सांगतात की काही शिपायांनी आयरिश भाषेत दयेची याचना केली, आपणही कॅथलिक आहोत असं सांगितलं. एका राजाविरुद्ध उभे राहिलेले कॅथलिक शेतकरी, त्या राजाच्या पगारावर असलेल्या कॅथलिक मजुरांना भोसकत होते. पिचकॅपची आग डोक्यात होती, मान्य. पण पिचकॅप घालणारे सार्जंट आणि अधिकारी, आणि भाला लागला तो खंडीभर पोरांना.

स्कलाबोगबद्दल मी काहीही सावरून बोलणार नाही. तो गुन्हाच होता. एवढंच नोंदवतो की त्याच दिवशी सकाळपासून न्यू रॉसमध्ये बंडखोरांची कत्तल चालली होती आणि तिथून पळालेल्यांनी ती बातमी त्या कोठारापर्यंत आणली. कारण कळलं म्हणून गुन्हा लहान होत नाही.

आणि न्यू रॉस म्हणजेच माझ्या मूळ मुद्द्याचं दुसरं टोक. ऊलार्टनंतर काय झालं पाहा. दुसऱ्याच दिवशी, २८ मेला, लोकांची संख्या सहा हजारांवर गेली आणि त्यांनी एनिस्कॉर्थी घेतलं. गावाच्या डफ्री गेट या वेशीसमोर बिथरलेली गुरं पुढे सोडली आणि त्यांच्यामागून घुसले. ३० मेला थ्री रॉक्सच्या पायथ्याशी तोफा घेऊन येणारी तुकडी वाटेतच कापली, आणि वेक्सफर्ड शहर सोडून सरकारी फौज निघून गेली. तीन दिवसांत जवळजवळ अख्खी काउंटी. शहरात बेगनल हार्व्ही या प्रॉटेस्टंट जमीनदाराला तुरुंगातून काढून सेनापती केलं. हे सगळं त्या एका दुपारीतून उगवलं. कारण ऊलार्टच्या आधी लोकांना माहीतच नव्हतं की गणवेशातला माणूस हरतो.

पण न्यू रॉस हे गाव. दगडी घरं, अरुंद रस्ते, कोपऱ्यावर तोफ. तिथे बांध नव्हता. लोक भाले घेऊन तोफेच्या तोंडावर लाटांमागून लाटा धावले, गाव जवळजवळ घेतलंही, आणि संध्याकाळपर्यंत दोन हजारांच्या वर मेले असा अंदाज आहे. ९ जूनला आर्कलोला पुन्हा तोफांसमोर. २१ जूनला व्हिनेगर हिलवर हजारो लोक उघड्या माथ्यावर जमून बसले आणि खालून तोफगोळे. ऊलार्टची टेकडी आणि व्हिनेगर हिल यांच्यात अंतर थोडंच आहे. एकीवर बांधाआड बसून जिंकले, दुसरीवर उघड्यावर बसून मेले.

बखरवाचक

व्हिनेगर हिलचं नाव निघालंच आहे तर आपल्याशी थेट जोडलेला धागा सांगतो.

व्हिनेगर हिलवर हल्ला करणारा सेनापती जेरार्ड लेक. अल्स्टरमध्ये १७९७ साली घरं जाळून हत्यारं काढणारा तोच. उठावाच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १७९८ ला, कॅसलबारला फ्रेंच जनरल अंबेरने त्याला पळवून लावलं, तेही थोडक्या माणसांनिशी. पाच वर्षांनी हाच लेक हिंदुस्थानात शिंद्यांच्या फौजांसमोर उभा होता. १८०३ साली अलीगडचा किल्ला, मग दिल्ली, आणि १ नोव्हेंबरला लासवारी. लासवारीनंतर शिंद्यांच्या पायदळाने आणि गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, जागेवर उभे राहून मेले, असं त्यानेच लिहून ठेवलंय. १८०५ मध्ये भरतपूरच्या मातीच्या तटांसमोर मात्र त्याचे सगळे हल्ले फसले.

त्याच्या वर कोण? व्हिनेगर हिलच्या सुमारासच आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून आलेला कॉर्नवॉलिस. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला, नंतर आपल्याकडे गव्हर्नर जनरल, टिपूविरुद्ध पेशवे आणि निजाम यांना सोबत घेणारा. १८०५ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आला आणि गाझीपूरला वारला.

म्हणून मला हे आयरिश प्रकरण परकं वाटत नाही. तीच माणसं, तीच कागदपत्रं, तेच शिक्के.

कोरडवाहू

भरतपूरचे मातीचे तट! पाणंद, तुमचा बांध तिथेही उभा राहिला बघा. तोफगोळा दगडी भिंतीला तोडतो, मातीत रुततो.

फादर मर्फींचं पुढे काय झालं?

डब्लिनची_सर

कोरडवाहू, फार वाईट झालं. व्हिनेगर हिलच्या वेळी एका बाजूचं सैन्य वेळेवर पोचलं नाही, त्या फटीतून बरेच लोक निसटले. मर्फी त्यांतले. दहा-बारा दिवस डोंगरातून फिरले. जुलैच्या सुरुवातीला टलो गावी पकडले गेले. कोण आहेत हे पकडणाऱ्यांना माहीतही नव्हतं. फटके मारले, नाव सांगितलं नाही. फाशी दिली, धड डांबराच्या पिंपात जाळलं, मुंडकं खांबावर लावलं. टलोच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. एडवर्ड रोश डब्लिनच्या न्यूगेट तुरुंगात वारला.

सगळ्या उठावात किती माणसं गेली याचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत आहेत. उन्हाळा एका वर्षाचा. आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची संसदच बंद झाली, कारभार लंडनला गेला.

निशिगंध_७

पाणंद, 'भाला लागला तो खंडीभर पोरांना' हे वाचून जरा थांबले. त्या शिपायांच्या घरच्यांबद्दल काही मिळतं का?

पाणंद

मिळतं. पलटणीबरोबर बायकापोरंही वेक्सफर्ड शहरात राहायला आली होती, त्या काळी तशीच रीत. रविवारी दुपारी नवरे कूच करून गेले. संध्याकाळी फूट आणि मूठभर माणसं परत आली. त्या बायका शहराच्या गल्ल्यांतून छाती पिटत, रडत फिरल्या, आणि ते रडणं ऐकून आधीच घाबरलेलं शहर आणखी हादरलं, असं वर्णन आहे. त्यांची नावं कुठे सापडली नाहीत.

डब्लिनची_सर

या वर्षी २७ मेच्या आसपासच्या शनिवारी मी पुन्हा ऊलार्टला जातेय. पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती बांध लागतात ते मोजते, उंचीही टेपने घेते आणि फोटो इथे टाकते. ऐरण, एनिस्कॉर्थीच्या संग्रहालयात भाले आहेत, तुम्हाला कुठल्या कोनातून फोटो हवेत ते सांगा.

ऐरण

ताई, पात्याच्या मुळाशी जिथे पट्ट्या सुरू होतात तिथला जवळून घ्या. आणि जमलं तर खिळ्याचं डोकं. खिळा चौकोनी आहे की गोल, त्यावरून कळेल की तो नांगरावरचाच खिळा वापरलाय का.